पैसे कंपनीचे गेले, नाव माझं गेलं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. मुलीच्या शिक्षणकर्जाला सहकर्जदार म्हणून माझे कागद बँकेत गेले आणि उत्तर आलं की, आधीची तीन कर्जं थकीत असलेल्या व्यक्तीला सहकर्जदार करता येत नाही. मी आयुष्यात कर्ज काढलं ते एकदाच, पगारदार पतसंस्थेतून, आणि ते फेडूनही वर्षं झाली होती. ही तीन कर्जं मोबाइलवरच्या अॅपमधून २०२३ साली निघाली होती. माझ्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर दुसऱ्याच बाईचा फोटो चढवून एक सिम घेतलं, सिमवर बँक खातं उघडलं आणि खात्यावर कर्ज उचललं. मोबाइलच्या दुकानातला एक मदतनीस आणि त्याचा दुसऱ्या जिल्ह्यातला साथीदार आज आरोपी आहेत. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालू आहे, म्हणून गावांची, कंपन्यांची, माणसांची नावं इथं देत नाही. कलमांचे आकडे मात्र देते. हवालदारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांशी बोलताना कामाला आले ते हे आकडेच.

१. 'तुमचं काय गेलं?' याचं उत्तर लेखी तयार ठेवा

पोलीस ठाण्यातले साहेब सभ्य होते. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, पैसे कंपनीचे गेलेत. फिर्याद कंपनीला देऊ द्या. तुम्ही साक्षीदार व्हा, तुम्हाला काही त्रास नाही." ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यावर ठरतात. आरोपीला कोर्टात जागा आपोआप मिळते, कागद आपोआप मिळतात, वकील नसेल तर सरकार वकील देतं. ज्याचं नाव वापरलं गेलं, त्याला मात्र आपण कोण आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं.

माझ्या वकीलबाई वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी मला दोन व्याख्या वहीत उतरवून घ्यायला लावल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ प्रमाणे पीडित म्हणजे आरोपीच्या कृत्यामुळे ज्याला नुकसान किंवा इजा पोहोचली ती व्यक्ती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या व्याख्येला एक शेपूट होतं, ज्या कृत्याबद्दल आरोपीवर दोषारोप ठेवला आहे त्या कृत्यामुळे, असं. नव्या संहितेत ते गेलं. दुसरी व्याख्या भारतीय न्याय संहितेतली: इजा म्हणजे शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोहोचलेली हानी. मन आणि लौकिक हे दोन शब्द मी लाल पेनानं अधोरेखित केले. वसुलीवाले शाळेच्या फोनवर मुख्याध्यापकांशी काय भाषेत बोलले होते, ते आठवत होतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यांत बळकट वाटते. फसवणुकीच्या कलमात फसवला गेला तो पैसे देणारा, म्हणजे कंपनी. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी निराळं आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरणं हाच तिथं गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. या कलमापुरतं पाहिलं तर वापरलं गेलं ते माझंच. कंपनी बाजूला राहते. म्हणून एफआयआरमध्ये ६६-सी आहे की नाही ते पाहा. ६६-डी, म्हणजे संगणकाच्या साहाय्यानं तोतयेगिरी, बहुतेक ठिकाणी आपणहून लावतात. ६६-सी मागावं लागतं.

फिर्याद दुसऱ्यानं दिली म्हणून आपलं पीडितपण जात नाही, हेही आता सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. जुलै २०२५ मध्ये एशियन पेंट्सच्या नावाखाली राजस्थानात बनावट रंग विकल्याच्या खटल्यात कंपनी स्वतः फिर्यादी नव्हती, तरी तीच पीडित आणि निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचा तिला हक्क, असा निकाल लागला. मोठ्या कंपनीनं लढून मिळवलेला हा निकाल माझ्यासारख्या मास्तरणीच्याही कामाचा आहे.

आधारच्या बाबतीत तर कायदाच बराच काळ उलटा होता. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे आपल्या आधारचा गैरवापर झाला तरी कोर्टात तक्रार करायची ती आधार प्राधिकरणानं. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर बोट ठेवलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ठरावीक कलमांखाली आधारधारकाला स्वतः तक्रार करता येऊ लागली. ज्याचा अंगठा त्यालाच तक्रारीचा हक्क नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, याचं मला अजून कोडं आहे.

२. पोर्टलची पावती म्हणजे एफआयआर नाही

१९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, हे सगळं करावंच. पैसे नुकतेच गेले असतील तर तेच आधी करावं. पण तिथून मिळतो तो पोच क्रमांक. कोर्टात चालतो तो एफआयआर, आणि तो नोंदवून घ्यावा लागतो. ६६-सी दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणं पोलिसांवर बंधनकारक, असं ललिताकुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलेलं आहे.

"कर्ज दुसऱ्या जिल्ह्यात उचललंय, तिथं जा," असंही मला ऐकवलं गेलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे (पुढे नुसतं कलम म्हटलंय ते याच संहितेचं) हद्द कुठलीही असो, कुठलंही ठाणं माहिती नोंदवून घेऊ शकतं. मग ते कागद योग्य ठाण्याकडे जातात. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट मिळते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, त्यामुळे 'चौकशी चालू आहे' हे उत्तर काही दिवस खरं असू शकतं. त्यापलीकडे गेलं की पोलीस अधीक्षकांना पोस्टानं अर्ज पाठवायचा आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची प्रत घेऊन मी ठाण्यात गेले, तेव्हा नोंद झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. नाहीतर पुढे आरोपीचा वकील ते विचारतो.

माझी कर्जं २०२३ ची आणि फिर्याद त्यानंतरची. त्यामुळे गुन्ह्याची कलमं जुन्या दंड संहितेची, ४१९, ४२०, ४६८, ४७१, आणि तपासाची व खटल्याची रीत १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेची. यात चूक नाही, तसंच असतं. मला मात्र दोन्ही पुस्तकं विकत घ्यावी लागली.

३. जबाबावर सही नसते

फिर्यादीवर सही असते. तपासात पोलीस घेतात त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये, असा कायदाच आहे. कुणी घ्यायला लागलं तर नम्रपणे विचारावं. मी जबाबाबरोबर तारीखवार टिपण आणि कागदांची यादी दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच हा शब्द आमच्या खात्यात बालपणापासून घोटवतात, तो इथं उपयोगी पडला.

४. नोटीस आली तर आधी कलम वाचा, मग घाबरा

फिर्याद देऊन महिनाही झाला नसेल, तोच दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडून नोटीस आली. माझ्या नावानं उघडलेल्या त्या खात्यातून तिथल्या कुणाचे तरी पैसे फिरले होते. म्हणजे इथं मी फिर्यादी आणि तिथं, मला वाटलं, संशयित. नाव चोरीला गेलेल्या माणसाचं हेच मोठं दुखणं आहे: चोर सापडेपर्यंत चोर म्हणून सापडतो तो आपणच.

घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. वकीलबाईंनी फोनवर एकच विचारलं, "कलम काय लिहिलंय?" कलम ३५(३) ची नोटीस असेल तर पोलिसांचा आपल्यावर वाजवी संशय आहे. तिथं हजर राहावंच लागतं. हजर राहून सहकार्य केलं तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक होत नाही. कलम १७९ ची असेल तर आपल्याला साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ९४ ची असेल तर कागद मागितलेत. माझी १७९ ची होती. आणि त्या कलमात म्हटलंय की, स्त्रीला, साठीच्या पुढच्या किंवा पंधराच्या आतल्या व्यक्तीला, अपंगाला किंवा गंभीर आजारी माणसाला राहत्या ठिकाणाशिवाय दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. मी तसं पत्र लिहिलं, माझ्या एफआयआरची प्रत जोडली, स्थानिक ठाण्यामार्फत जबाब देते म्हणून कळवलं. ते मान्य झालं. माझे यजमान असते तर त्यांना मात्र ही सवलत मिळाली नसती. ते अजून साठीचे नाहीत.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या नोटिशीची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की, पोलिसांनी या नोटिसा कायद्यात दिलेल्या रीतीनंच बजावायच्या, व्हॉट्सअॅप त्याला पर्याय नाही. हल्ली 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली जे लुटतात, ते याच घबराटीवर जगतात. एकदा नाव गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणं सोपं असतं, कारण तो आधीच बिथरलेला असतो.

५. नव्वद दिवसांनी विचारा

तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, असं कलम १९३ मध्ये आहे. मेसेजनं कळवलं तरी चालतं. मला कुणी कळवलं नाही. मी ईमेल केली, कलमाचा आकडा विषयाच्या ओळीत टाकला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

६. जुना फोन विकू नका

कर्ज कंपनीचे मेसेज, वसुलीवाल्यांचे कॉल, अॅपनं पाठवलेली पत्रं, सगळं माझ्या जुन्या फोनमध्ये होतं. स्क्रीन फुटलेली, मुलगी रोज म्हणायची बदल म्हणून. स्क्रीनशॉट काढून झेरॉक्स दुकानातून रंगीत प्रिंट घेतली की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. कोर्टात त्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे फाइलची गणिती खूण. गणिताच्या शिक्षिकेला ते आवडलं, पण ते प्रकरण सोपं नाही.

हे प्रमाणपत्र किती महागात पडू शकतं याचा धडा जालन्याच्या निवडणुकीनं देशाला दिला. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल, २९६ मतांचा फरक. उमेदवारी अर्ज वेळ उलटल्यावर घेतला का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर ठरणार होतं, आणि त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२० मध्ये तिथं ठरलं की प्रमाणपत्र हवंच. पण ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो देत नसेल, तर न्यायाधीशांकडे अर्ज करून ते मागवून घेता येतं.

या निकालाचा दुसरा अर्धा भाग आमच्यासारख्यांच्या कामाचा. माझ्या खटल्यातला खरा पुरावा माझ्याकडे नाही, कर्ज कंपनीच्या सर्व्हरवर आहे: अर्ज कुठल्या फोनवरून भरला, आयपी पत्ता कुठला, व्हिडिओवर चेहरा कुणाचा. कंपनीला हे द्यायची घाई नसते. प्रमाणपत्रासकट ते आलंय का, हे दोषारोपपत्रात पाहायचं. नसेल तर सरकारी वकिलांकरवी मागवून घ्यायचं. कायद्याच्या लढाईतली निम्मी मेहनत हीच आहे.

७. वकीलपत्र दाखल करा, नाहीतर दोषारोपपत्र दिसणार नाही

"खटला सरकार चालवतं, तुम्हाला वकील कशाला?" असं मला किमान चार शहाण्यांनी सांगितलं. कारण कलम २३० मध्ये आहे. पोलीस अहवाल आणि त्यासोबतचे कागद आरोपीला आणि पीडितालाही फुकट द्यायचे, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. पण पीडिताला कधी? तर त्याच्या वतीनं वकील असेल तर. आरोपीला अशी अट नाही. मला ही अट अन्यायाची वाटते. पण ती आहे, तेव्हा वकीलपत्र द्या.

पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. मी पगारदार आहे, मलाही मिळाला असता. अर्ज करायला संकोच वाटला नसता, पण त्याआधीच वकीलबाई भेटल्या.

दोषारोपपत्र हातात आल्यावर कळलं की, मी त्यात साक्षीदारांच्या यादीत आहे आणि फसवली गेलेली व्यक्ती म्हणून कंपनीचा व्यवस्थापक. वकीलबाईंनी पहिला अर्ज त्याबद्दलच केला, पीडित म्हणून मला सरकार पक्षाला साहाय्य करू द्यावं म्हणून. कलम १८ प्रमाणे न्यायालय तशी परवानगी देऊ शकतं. दिली. याचा अर्थ तुमचा वकील उठून साक्षीदारांना प्रश्न विचारू लागतो, असं नाही. २०१९ मध्ये रेखा मुरारका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा आखून दिलीय. खटल्याची सूत्रं सरकारी वकिलाकडेच राहतात. आपल्या वकिलानं त्यांना मुद्दे द्यायचे, लेखी युक्तिवाद द्यायचा. आमच्याकडच्या सरकारी वकीलबाईंपुढे रोज एवढ्या फायली असतात की कुणी नीट टाचण लावून मुद्दे दिले तर त्यांना बरंच वाटतं. त्यांच्या केबिनबाहेर थांबण्याचा कंटाळा करू नये.

जामिनाच्या वेळीही आपलं म्हणणं मांडता येतं. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात २०२२ मध्ये न्यायालयानं म्हटलं की, गुन्हा घडल्यापासून प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकलं जाण्याचा हक्क आहे. एकटं ६६-सी असतं तर जामीन आरोपीचा हक्कच होता. ४२० आणि ४६८ मुळे तसं राहिलं नाही. मी जामिनाला विरोध केला नाही. मदतनीस पोरगा वीस-बावीसचा होता. फक्त दुकानातली जुनी झेरॉक्सची पेटी आणि संगणक पोलिसांच्या ताब्यात येईपर्यंत थांबावं, एवढं मागितलं.

पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल पाठवला असता, तर तो मान्य करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं. १९८५ चा भगवंत सिंग निकाल. माझ्यावर ती वेळ आली नाही.

८. उलटतपासणीत भाषण करू नका

वर्गात पन्नास मुलांपुढे बोलणाऱ्या बाईला पिंजऱ्यात उभं राहायची भीती कसली, असं वाटतं. पण तिथं बोलायचं कमी असतं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, ओटीपी तुम्हीच दिला ना? घरबांधणीला पैसे कमी पडत होते ना? भावाच्या नावानं पैसे वळवले ना? माझ्या तोंडून शाळेतली सवय बाहेर पडायला बघत होती. सरकारी वकीलबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं: खरं असेल तर हो, नसेल तर नाही, आठवत नसेल तर आठवत नाही.

आमच्या कोर्टात साक्ष मराठीत टंकली जाते. 'हे म्हणणे खरे नाही की, सदर कर्ज मी स्वतः घेतले' अशी वाक्यं एकामागून एक कागदावर उतरतात आणि आपलं आयुष्य एका नकारार्थी निबंधासारखं दिसायला लागतं. साक्ष संपली की ती वाचून दाखवण्याचा हक्क आहे. मी वाचायला मागितली. एका ठिकाणी 'नाही' गळलं होतं. न्यायाधीशांनी लगेच दुरुस्त करून घेतलं. इथं मात्र सही असते, आणि वाचल्यावरच करायची असते.

साक्षीला बोलावलं म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च सरकारकडून मिळतो. रक्कम किरकोळ असते. तरी मागावी.

९. मिटवायला येतील, कोण मिटवू शकतं ते माहीत असू द्या

दोषारोपपत्रानंतर आरोपीची आई आमच्याकडे आली. बरोबर गावातले एक पुढारी. "बाई, पोराचं वाटोळं होईल, तुम्ही शिकवणाऱ्या माणूस." मी पाणी दिलं, ऐकून घेतलं. तिचं दुःख खोटं नव्हतं. पुढाऱ्यांनी मग मुद्द्याला हात घातला: "कंपनीचं सेटल होतंय, तुम्ही कशाला ताणता?"

यात अर्धं सत्य होतं. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीनं आपसात मिटवता येतो, आणि तो मिटवायचा हक्क कायद्यानं फसवल्या गेलेल्या व्यक्तीला दिलाय. म्हणजे कंपनीला. कंपनीनं मुद्दल घेतलं, सही केली, की ४२० ची धार जाते आणि मला कुणी विचारतही नाही. म्हणूनच पहिल्या मुद्द्यावर मी एवढे शब्द खर्च केले. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं, म्हणजे ४६८, आणि तो खरा म्हणून वापरणं, म्हणजे ४७१, ही आपसात मिटवायच्या यादीत नाहीत. ६६-सी माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे न्यायालयापुढे मिटवता येतं. तिथं मी म्हणणं मांडू शकते, कारण पीडित म्हणून माझं नाव आता कागदावर आहे. सरकारनं खटलाच मागे घ्यायचं ठरवलं, तरी नव्या संहितेच्या कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय न्यायालयाला परवानगी देता येत नाही. ही नव्या कायद्यातली मला मनापासून आवडलेली तरतूद.

त्या माऊलीला मी एवढंच सांगितलं की, तिन्ही कंपन्यांनी माझं नाव काढून तसं लेखी दिलं की पुढचं बोलू. पुढारी पुन्हा आले नाहीत.

१०. भरपाई मागायची तर हिशोब ठेवा

कलम ३९५ प्रमाणे न्यायालय दोषी ठरलेल्याला पीडिताला भरपाई द्यायला लावू शकतं, दंड नसला तरीही. २०१३ च्या अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे. पण विचार कशाचा करायचा ते आपण द्यायला हवं. मी वहीत एसटीची तिकिटं, झेरॉक्स, वकिलांची फी, बिनपगारी रजा लिहून ठेवलीय. भरपाई अपुरी वाटली किंवा आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. कर्ज कंपनीचा किंवा बँकेचा निष्काळजीपणा असेल तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांपुढे वेगळा दावा करता येतो, पाच कोटींपर्यंतचा. आम्ही तो अजून केलेला नाही.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या मित्राचं नाव असंच गेलं होतं. तिथं पीडिताला आपल्या राहत्या गावच्या पोलिसांकडेच तक्रार देता येते आणि त्यांना ती घ्यावी लागते. चोरानं आपलं नाव सांगून अटक करून घेतली असेल, तर 'हा माणूस खरोखर निर्दोष आहे' असा आदेश न्यायाधीशांकडून मागता येतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात २००८ पासून, झालेलं निस्तरण्यात पीडिताचा जो वेळ गेला, त्याचीही किंमत गुन्हेगाराकडून घेता येते. वेळेची किंमत! आमच्याकडे तारीख पडली की दिवस गेला, त्याचं मोल कुणाच्या वहीत नाही. हे आपल्याकडे यायला हवं, असं मी आमच्या आमदारांना पत्र लिहून कळवलंय. उत्तराची अपेक्षा नाही.

११. कोर्टाच्या निकालावर क्रेडिट रिपोर्ट अडकवू नका

खटल्याचा निकाल कधी लागेल ते माहीत नाही, आणि लागला तरी त्यामुळे रिपोर्टमधली कर्जं आपोआप पुसली जात नाहीत. हे काम पहिल्या दिवसापासून वेगळं चालवायचं. देशात चार पत माहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चौघींकडे एफआयआरच्या प्रतीसह हरकत नोंदवायची. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तो नियम पत्रात लिहिल्यावर पहिली दोन कर्जं निघाली. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. तिथं मला अनोळखी असं आणखी एक सापडलं, ते बंद करून घेतलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय.

तिसरं कर्ज अजून रिपोर्टमध्ये आहे, 'वादग्रस्त' या शेऱ्यासह. कंपनी म्हणते, न्यायालयाचा निकाल आणा. त्यांना तसं म्हणायचा अधिकार नाही, म्हणून प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेलंय. कोर्टात पुढची तारीख तपासी अधिकाऱ्यांच्या साक्षीची आहे आणि त्यांची बदली झालीय, तेव्हा समन्स नव्या ठिकाणी पोचलं का, हे सोमवारी सरकारी वकीलबाईंना विचारायचंय.